भाभींच्या कोंबडीचं नख

सोमवार हा आमच्या शाळेत नखांचा वार. प्रार्थना झाली की पोरं बाकावर हात पालथे ठेवून बसायची आणि मी लाकडी पट्टी घेऊन रांगेतून फिरायची. एकतीस वर्षं दर सोमवारी मी नखं तपासली. कोणाची वाढलीत, कोणी दातांनी कुरतडलीत, कोण फक्त उजव्या हाताची कापून बाईंना फसवू पाहतंय, हे मला वर्गाच्या दारातूनच कळायचं. निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, "बाईंनी पिढ्यानपिढ्यांची नखं घडवली." सगळे हसले. मी मात्र तो गौरव समजून मान तुकवली. एवढ्यावरून त्या बाईंची कल्पना यावी.

त्या बाई म्हणजे मीच, पण अकरा वर्षांपूर्वीची, नुकतीच अठ्ठावन्न पूर्ण केलेली. आज मला ती समोरून येताना दिसली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन. तिच्या हातात पिशवी नसायची, पण सूचना कायम असायच्या. रिकामटेकडी झाल्यावर तर तिने वर्ग गल्लीत भरवला होता.

विश्रांतवाडीत आमचं घर आणि भाभींचं घर शेजारी शेजारी, मध्ये छातीएवढी भिंत. सगळी गल्ली त्यांना भाभीच म्हणायची. त्यांचं कुटुंब चार पिढ्यांचं पुणेकर. मी एकदा त्यांना कौतुकाने म्हणाले होते, "भाभी, तुमची मराठी काय शुद्ध आहे हो!" त्यावर त्या पापड वाळत घालता घालता म्हणाल्या, "तुमचीही बरी आहे, बाई." हा टोमणा आहे हे मला दोन दिवसांनी कळलं, आणि तेही आमच्या ह्यांनी सांगितलं तेव्हा.

भाभींचे यजमान पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचे. आदल्या हिवाळ्यात ते गेले. मुलगी सोलापूरला दिलेली. घरात भाभी आणि एक कोंबडी, एवढंच उरलं. कोंबडी काळी, म्हातारी, अंडी देणं केव्हाच सोडून दिलेली. पंख्यांच्या खोक्यांच्या फळ्या आणि जाळी वापरून यजमानांनी तिच्यासाठी परसात एक खुराडं बांधलं होतं. त्याला उतरतं छप्पर होतं, पितळी कडी होती, आत बसायला गोल दांडा होता. आमच्या घराच्या कडीपेक्षा ती कडी चांगली लागायची.

मुलीच्या बाळंतपणाला जाताना भाभी मला किल्ली द्यायला आल्या. "पंधरा दिवस लागतील, बाई. सकाळी उघडायचं, दाणे-पाणी ठेवायचं. अंधार पडायच्या आधी ती आपणहून आत जाते, फक्त कडी लावायची. बाकी काही करू नका."

"नखं केवढी वाढलीत हिची," मी म्हणाले. सवयच ती.

"हो, राहूनच गेलीत. आल्यावर कापते मी. तुम्ही हात लावू नका हं."

का राहून गेलीत, हे मी विचारलं नाही. प्रश्न विचारायचे ते उत्तर आधी माहीत असेल तर, अशी माझी पद्धत.

दिवसा मी कोंबडीला आमच्या व्हरांड्यात आणून सोडायची, म्हणजे लक्ष राहील. ती फरशीवरून चालायला लागली की टक टक टक टक आवाज यायचा. तीन दिवस मी सहन केला. चौथा दिवस सोमवार होता.

"अहो, ऐकताय का? कशी चालते बघा. बोटं वाकडी पडतायत बिचारीची."

"पडू देत," पेपरमागून आवाज आला. "तिला कुठे निबंध लिहायचाय?"

"विनोद पुरे. धरा तिला."

"भाभी काय सांगून गेल्या?"

"भाभींना वेळ मिळत नाही म्हणून राहिलंय ते. आल्यावर खूशच होतील. घट्ट धरा, सुटता कामा नये."

ह्यांनी तिला छातीशी आवळून धरलं. मी ह्यांच्या पायाच्या अंगठ्यासाठी आणलेलं मोठं नेलकटर काढलं. पहिल्या नखाचं नुसतं टोक गेलं, काही झालं नाही. मी "शाब्बास" म्हणाले. कोणाला ते माहीत नाही, बहुधा स्वतःलाच. दुसऱ्या नखाला मात्र मी शाळेचा नियम लावला. शाळेचा नियम म्हणजे नख बोटाच्या पुढे दिसता कामा नये. पोरांच्या नखांना पांढरी कड असते, तिथे थांबायचं हे कळतं. हिचं नख मुळापासून टोकापर्यंत काळंभोर. कुठे थांबायचं हे त्यावर लिहिलेलं नव्हतं, आणि ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही ते बाईंना वाचता येत नाही.

कट् असा आवाज झाला. नख कापलं गेलं नाही, चेपून उभं चिरलं. आणि रक्त आलं.

कोंबडीच्या नखात रक्त असतं हे मला ठाऊकच नव्हतं. थेंब थेंब नव्हे, धारच लागली. ह्यांनी दचकून तिला सोडलं आणि ती व्हरांडाभर पळत सुटली. फरशीवर तीन-तीन बोटांचे लाल ठसे उमटत गेले. ओरडली नाही. कोपऱ्यात जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत उभी राहिली. मी हळदीचा डबा आणला आणि अर्धा तिच्या पायावर रिकामा केला. तरी थांबेना. मग ह्यांची दाढीची तुरटी पाण्यात बुडवून बोटाला दाबून धरली. अर्ध्या तासाने रक्त थांबलं. माझ्या साडीवर, ह्यांच्या बनियनवर आणि पेपरच्या अग्रलेखावर पिवळे-लाल डाग.

नातींना मी ही गोष्ट इथपर्यंतच सांगते. हळदीच्या डब्याशी त्या हसून लोळतात, आणि मी चहा टाकायला उठते. पुढचं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांना माहीत आहे, पण ते पेपरमागे असतात.

भाभी यायच्या दिवसापर्यंत कोंबडी तो पाय उचलून चालत होती. त्या रिक्षातून उतरल्या, पिशव्या दारातच ठेवल्या आणि आधी तिच्याकडे गेल्या. तिला उचलून पाय बघितला.

"बाई, हे काय झालं? हळद कशाला लावलीय?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण उघडलेल्या तोंडातून आलं ते असं: "अहो भाभी, तुमच्या खुराड्याची जाळी बघितलीत का? कोपऱ्यात तार वर आलीय. त्यात अडकलं तिचं नख. मी धावत गेले म्हणून, नाहीतर पायच गेला असता."

तार खरंच वर आली होती. खोटं उभं करायला एवढं खरं मला पुरलं. बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? पण वर्ग घ्यायची सवय. मी पुढे म्हणाले, "मुकं जनावर ठेवायचं म्हणजे जरा लक्ष द्यायला हवं. राग मानू नका, आपलं म्हणून सांगते."

भाभींचा चेहरा एवढासा झाला. "खरंय तुमचं," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून मी त्या जाळीकडे बघितलंच नाही. माफ करा बाई, तुम्हाला फुकटचा त्रास."

संध्याकाळी त्यांनी भिंतीवरून सोलापूरच्या शेंगाचटणीची पुडी दिली. जेवताना ह्यांनी दोनदा मागून घेतली. मी तिला हातही लावला नाही.

"तू का खात नाहीस?" ह्यांनी विचारलं.

"तिखट आहे."

"मला नाही लागली. मी काही खोटं बोललो नव्हतो ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडांना पाणी घालत होते. पलीकडून ठोकाठोकीचा आवाज आला. भंगारवाला हातगाडी घेऊन भाभींच्या परसात आला होता, आणि खुराड्याचं छप्पर निघालं होतं. भाभी कोंबडीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. जाळी त्याने पायाखाली धरून दुमडली. दांडा उपटला. कडीचे स्क्रू निघेनात म्हणून फळीसकट ओढून काढली.

भाभींनी मला बघितलं. "यांना वाटायचं फार मजबूत झालंय," त्या म्हणाल्या. "आजारी होते तरी छपराला रंग द्यायला उठले होते. पण तिला लागत असेल तर ठेवून काय करायचं?"

माझ्या हातात पाण्याची नळी होती. आमच्यात भिंत होती, ती छातीएवढीच. फळ्या अजून गाडीवर चढायच्या होत्या. "थांबा" एवढा एक शब्द म्हटला असता तरी पुष्कळ झालं असतं, पुढचं नंतर सांगता आलं असतं.

मी म्हणाले, "बरं केलंत."

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा बोलले आहे. त्यातलं बरंचसं आता गमतीचं वाटतं, मी स्वतःच रंगवून सांगते. हे दोन शब्द मात्र अजून गमतीचे झालेले नाहीत. अकरा वर्षं मी वाट बघते आहे.

भाभींनी मंडईतून भाजीचा प्लास्टिकचा क्रेट आणला, आत पोतं अंथरलं आणि तो स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. उन्हं उतरली तशी कोंबडी परसात गेली. खुराडं जिथे होतं तिथे चार विटा आणि मातीचा एक चौकोन उरला होता. त्या चौकोनात जाऊन ती उभी राहिली. दांड्यावर उडी मारायची म्हणून मान वर करून बघायची, इकडे बघायची, तिकडे बघायची, पुन्हा वर बघायची. दांडा नाही. दुखऱ्या पायावर तशीच उभी. मग भाभी आल्या आणि तिला उचलून क्रेटमध्ये ठेवलं.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी तेच. मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि भाजी करपवायची. चौथ्या दिवशी ह्यांनी करपलेली भेंडी ताटाच्या कडेला लावली आणि म्हणाले, "हे बघ, मी मध्ये बोलणार नाही. पण ती कोंबडी रोज येऊन उभी राहणार. तिला कोणी सांगितलं नाहीये ना, जाळी खराब होती म्हणून."

पाचव्या दिवशी मी भिंतीशी गेले. शाळेत पालकसभेला करतात तशी मी तयारी केली होती: आधी क्षेमकुशल, मग प्रास्ताविक, मग मुद्दा. भाभी दोरीवर कपडे घालत होत्या.

"भाभी, बाळ कसं आहे?"

"मजेत."

"नाव काय ठेवणार?"

"बाई, काय हवंय?"

प्रास्ताविक तिथेच संपलं. मी म्हणाले, "तिचं नख जाळीत अडकलं नव्हतं. मी कापलं. नेलकटरने."

भाभींनी हातातला टॉवेल दोरीवर टाकला. चिमटा लावला. "रक्त किती गेलं?"

"बरंच. अर्धा तास थांबत नव्हतं."

"धरलं होतं कोणी?"

"ह्यांनी. मीच सांगितलं, घट्ट धरा."

"छातीवर दाबून?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मग दुसरा चिमटा उचलला, पण लावला नाही. "म्हणजे जाळी चांगली होती."

मी हो म्हणून मान हलवली.

"तुम्ही इथेच उभ्या होतात, बाई," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "तो फळ्या काढत होता तेव्हा तुम्ही इथेच उभ्या होतात. बरं केलंत म्हणालात."

आणि त्या आत गेल्या. ओले कपडे बादलीत तसेच राहिले.

ह्यांनी स्कूटर काढली. आळंदी रस्त्याला लागून भंगाराची जी जी दुकानं होती ती आम्ही पालथी घातली. तिसऱ्या दुकानात तो हातगाडीवाला भेटला. लाकूड त्याच दिवशी भट्टीला गेलं होतं. जाळी हवी असेल तर शोधा म्हणाला, आणि मागच्या ढिगाकडे हात केला. तिथे माणसाच्या उंचीएवढ्या जाळ्या होत्या, सगळ्या सारख्याच गंजलेल्या, सगळ्या दुमडलेल्या. मी पदर खोचून तासभर उपसत होते. भाभींची कोणती ते मला ओळखता येईना. इतकी वर्षं भिंतीपलीकडे होती, पण मी तिच्याकडे बघितलं होतं ते फक्त वर आलेली तार शोधायला.

पितळी कडी? ती त्याने दुसऱ्याच दिवशी विकली होती.

तीन आठवडे भाभी माझ्याशी बोलल्या नाहीत. रस्त्यात समोर आल्या तर "नमस्कार" म्हणायच्या, तोही असा की त्यापुढे काही बोलता येऊ नये. गल्लीत कोणाला त्यांनी काहीही सांगितलं नाही. ते मला जास्त जड गेलं. निदान चार बायकांनी तोंडावर बोलून घेतलं असतं तर मी चार उलट उत्तरं देऊन मोकळी झाले असते.

मग एका सकाळी भिंतीवरून हाक आली. "बाई, वेळ आहे का? या इकडे. धरायला कोणी नाही."

तेव्हा मला कळलं, नखं का राहून गेली होती. हे दोन माणसांचं काम. यजमान धरायचे आणि भाभी कापायच्या. ते गेल्यावर धरणारं कोणी नव्हतं. माझ्या शेजारी वर्षभर ते काम अडून राहिलं होतं आणि मी त्याला आळस म्हणत होते.

त्यांनी परसात उन्हात पाट मांडला होता. शेजारी कोमट पाण्याची परात, जुना टॉवेल, रक्त आलंच तर दाबायला वाटीत मैदा, यजमानांची वायर कापायची बारीक पक्कड आणि एक छोटी कानस. आधी कोंबडीचे पाय दहा मिनिटं पाण्यात ठेवले. "नख मऊ पडतं, चिरत नाही," भाभी म्हणाल्या. मग तिला टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं. पंख आत, पाय बाहेर, डोक्यावरून टॉवेलाची एक घडी. डोळ्यांपुढे अंधार झाल्याबरोबर ती गप्प बसली.

मी आपली धरायला गेले. भाभींनी माझा हात सैल केला. "दाबायचं नाही. आपली छाती दाबली तरी आपल्याला श्वास घेता येतो. तिला नाही येत. तिची छाती हलली नाही तर ती तुमच्या हातात जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही." व्हरांड्यातली उघडी चोच मला आठवली. ती नुसती घाबरली नव्हती तर.

काळ्या नखातली शीर दिसत नाही. भाभींनी मोबाइलचा दिवा नखाखाली धरला तेव्हा मुळाकडे एक गडद सावली दिसली. तिच्यापासून पुष्कळ अलीकडे, अगदी तिळाएवढा तुकडा त्यांनी कापला. कापलेल्या तोंडाकडे बघितलं. कोरडं होतं. आणखी एक तीळ. पुन्हा बघितलं. मधोमध ओलसर ठिपका दिसायला लागला की थांबायचं, मग तो कितीही लांब वाटो. "शीरही नखाबरोबर वाढत जाते," त्या म्हणाल्या. "एका दिवसात मागे नाही जात. थोडं कापायचं, पंधरा दिवस थांबायचं, मग परत थोडं." कानशीने कड गोल केली. मैद्याची वाटी तशीच राहिली, तिची गरज पडली नाही.

मी कापलेलं नख आलं तेव्हा त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. ते उभं चिरलेलंच वाढत होतं. त्यांनी तिथे पक्कड लावली नाही. पुढच्या बोटाकडे गेल्या.

त्या दिवसापासून महिना-दीड महिन्याने मला हाक यायची आणि मी धरायला जायची. भाभी बाळाचे फोटो दाखवायच्या, चहा द्यायच्या, माझ्या भाजीला नावं ठेवायच्या. सगळं पहिल्यासारखं झालं असं कोणीही म्हटलं असतं. एकदा तर म्हणाल्या, "धरता तुम्ही चांगलं, बाई." शाळेने निवृत्तीला दिलेल्या शालीपेक्षा ते मला मोठं वाटलं, आणि घरी येऊन मी ह्यांना दोनदा सांगितलं. पक्कड मात्र त्यांनी माझ्या हातात कधी दिली नाही. मीही मागितली नाही.

वर्षभराने बाळाच्या वाढदिवसाला भाभी सोलापूरला निघाल्या. मी गेटपाशी गेले. आठ दिवसांचा प्रश्न होता. कोंबडी आता फार म्हातारी झाली होती, एका डोळ्याने कमी दिसायचं.

"भाभी, हिला एवढ्या प्रवासात कशाला दगदग? ठेवून जा माझ्याकडे. मी फक्त दाणे-पाणी देईन. दुसरं काही नाही."

रिक्षावाला पिशव्या ठेवत होता. भाभींनी झाकणाच्या टोपलीत टॉवेल अंथरला, कोंबडीला आत बसवलं आणि झाकणाची दोरी बांधली. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. माझी थोडी दया येत असावी.

"नको, बाई," त्या म्हणाल्या. "माझं तिकडे लक्ष लागणार नाही."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

त्या रिक्षात बसल्या आणि टोपली मांडीवर घेतली. रिक्षा निघाली तशी मी हात वर केला. त्यांचे दोन्ही हात टोपलीवर होते, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.